वाटेवरचा आडवा बांबू

डोंगरवाटेवरच्या दगडांवर चुन्याचे बाण पुन्हा उमटले आहेत. भात पिवळं पडलं, ओढ्याचं पाणी खाली गेलं आणि सकाळचं दव घोट्यापर्यंत पाय भिजवू लागलं, की आता आमच्याकडे हे बाण दिसतात. वीतभर लांब, पांढरे, टोक उताराकडे. पूर्वी या दिवसांची खूण वेगळी होती. इंद्रायणी भाताच्या लोंब्या वाकल्या की शेतातून वास सुटायचा आणि त्या वासावरून कापणीला किती दिवस उरलेत ते सांगणारी माणसं वाडीत होती. वास अजूनही सुटतो. पण गेल्या वर्षापासून त्या वासाबरोबर माझे कान आपोआप उताराकडे लागतात.

ज्या आवाजासाठी ते लागतात तो मोठा नाही. पायडल न मारता उताराला सोडलेल्या सायकलच्या मागच्या चाकाचा तो आवाज असतो. आधी रातकिड्यासारखी सुटी टिकटिक, वेग वाढला की सलग करकर. माणूस दिसण्याआधी आवाज येतो. आवाज आल्यापासून माणूस दिसेपर्यंत जो वेळ जातो तो घड्याळात फार थोडा असतो. घड्याळाबाहेर तो किती असतो हे मला गेल्या वर्षी कळलं.

आमची वाडी औंढे गावाच्या वर, शेतं संपून डोंगर सरळ उभा राहतो तिथे आहे. खाली लोणावळा दिसतो. लोणावळ्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. गाड्यांच्या रांगा, कणसांचा धूर, धबधब्याखाली उभी राहिलेली माणसं. पाऊस संपल्यानंतर काय होतं ते बघायला कुणी थांबत नाही. आश्विन सरता सरता ठेले झाकले जातात, ताडपत्र्यांच्या घड्या होतात, पावसात कणसं भाजणारे हात कापणीला लागतात किंवा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. वाडीपर्यंत तर पावसातसुद्धा कुणी येत नसे. रस्त्यावरची मोरी दर पावसाळ्यात खचायची आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत खचलेलीच राहायची.

शर्यत आली ती नेमकी या रिकाम्या दिवसांत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'डोंगरातल्या सायकलींची शर्यत' एवढंच लिहिलं होतं. पहिल्या वर्षी मार्ग वरच्या पठारावरून होता आणि वाडीने लांबून रंगीत ठिपके सरकताना पाहिले. पण त्या ठिपक्यांमागून बाकीचं आलं. रुग्णवाहिका वर यायला हवी म्हणून मोरी बांधली गेली. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना दिवसभर काम नव्हतं, तेव्हा वाडीतली म्हातारी माणसं शाळेच्या ओट्यावर रांगेत बसली आणि त्यांनी रक्तदाब मोजून घेतला. काहींनी आयुष्यात पहिल्यांदा. मोटारसायकली आल्यापासून बुजत चाललेल्या पाऊलवाटा तरुणांनी कोयत्याने मोकळ्या केल्या, निसटलेले दगड पुन्हा बसवले. पुढच्या पावसाळ्यात अडलेल्या एका बाईला डोली न करता गाडीतून कान्ह्याच्या दवाखान्यात नेता आलं. हा फायदा कुठल्या तक्त्यात बसतो ते मला माहीत नाही. ती बाई आणि बाळ दोघंही घरी परत आली, एवढी नोंद पुरेशी आहे.

सगळ्यांत जास्त बदललं हौसामावशीचं घर. हौसामावशी वाडीतली जुनी शेतकरीण. पासष्टीला आलेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिची दोन भातखाचरं डोंगराच्या अगदी पायाशी आहेत. तिची सून रेश्मा हिने पहिल्या वर्षी शर्यतीच्या माणसांना पिठलं-भात वाढला. दुसऱ्या वर्षी बचत गटाच्या बायकांना हाताशी धरून तिने सगळा स्वयंपाकच अंगावर घेतला आणि मुक्कामाला येणाऱ्यांसाठी घराला लागून दोन खोल्या काढल्या. फक्त सायकलवाल्यांच्या खाण्यावर तिचा राग होता.

"बटाटं नुसतं उकडायचं आन् मिठात घोळायचं," ती सांगायची. "म्या इचारलं, फोडनी देऊ का? तर म्हनं नको, पोट जड हुतं. येवढ्या लांबून येत्यात आन् खात्यात काय, तर आजाऱ्याचं जेवान!"

"खाऊ दे की," मावशी म्हणायची. "त्यांच्या पोटाची काळजी त्यांस्नी."

"आत्या, नाव माझं जातंय. उद्या म्हनतील, मावळात गेलतो, मीठबटाटा खाऊन आलो."

दुसऱ्या वर्षी मार्ग वाडीतून न्यावा, म्हणजे लोक थांबतील, खातील, राहतील, असं सगळ्यांचं मत पडलं. तसा अर्ज मी लिहिला. पुण्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत वीस-बावीस वर्षं इतरांच्या बातम्या तपासून मी वाडीत परत राहायला आलो होतो, आणि लिहिण्याचं कोणतंही काम माझ्याकडे येत असे. अर्ज चांगला होता. त्यात मोरी होती, डॉक्टर होते, बायकांचा स्वयंपाक होता, रिकामे दिवस होते. आडव्या बांबूंचा उल्लेख नव्हता.

ते समजावून सांगावे लागतील, कारण आम्हाला ते कधी वेगळे दिसलेच नाहीत. खाचरांच्या कडेने काटेरी कुंपण असतं. पाऊलवाट जिथे कुंपणातून जाते तिथे दोन्ही बाजूंना बेचक्याचे खांब रोवतात आणि त्या बेचक्यांत एक बांबू आडवा टाकतात, म्हशीच्या मानेला अडेल एवढ्या उंचीला. माणसाने यायचं, बांबू उचलायचा, पलीकडे जायचं आणि तो परत ठेवायचा. मागे बघावं लागत नाही. डोक्यावर भारा असो, काखेत मूल असो, हात मागे जातो आणि बांबू बेचक्यात बसतो. वाट उघडी टाकून जाणाऱ्याला वाडीत शिवी बसते, आणि ती त्याच्या आईबापापर्यंत जाते. चालायला लागलेलं मूल बाकी काही शिकण्याआधी हे शिकतं. मीही शिकलो होतो. पुण्यात नवा असताना कचेरीचं दार मी मागे हात नेऊन लावायचो आणि लोक हसायचे.

उन्हापावसाने बांबूचा रंग पिकलेल्या भातासारखा होतो. उतारावर पुढे झुकलेल्या सायकलस्वाराचा गळा म्हशीच्या मानेच्याच उंचीला येतो. ही दोन्ही वाक्यं अर्ज लिहिताना मला माहीत होती. फक्त ती एकमेकांशेजारी आलेली नव्हती.

बांबूंचा विचार केला तो अन्वरभाईंनी. कामशेतच्या बाजारात त्यांचं सायकलचं दुकान आहे. मध्यंतरी सायकली गेल्या आणि ते स्टोव्ह, पंप, मिक्सर दुरुस्त करत बसले. शर्यत आल्यावर दुकानात पुन्हा चाकं टांगली गेली, आणि डोंगरातली प्रत्येक वाट पायाखालची असल्यामुळे मार्ग आखण्याचं आणि दगडांवर चुन्याचे बाण काढण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांची मुलगी सना तळेगावला कॉलेजात जाते. गेल्या वर्षी, म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, ती शर्यतीत उतरली. आमच्या भागातून उतरलेली पहिलीच. आदल्या दिवशी अन्वरभाई प्रत्येक खाचराच्या मालकाला सांगत फिरले.

"उद्या पहाटेच बांबू काढून ठेवायचा हां, मावशी. दिवसभर."

"ठिवते की. मला काय हौस हाय व्हय आडवा टाकायची?"

"आमची सना आहे उद्या."

"म्हाईत हाय. म्हनून तर ठिवते म्हनलं. दुसऱ्या कुनासाठी ठिवला नसता."

दोघं हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि त्यातलं काहीही बदललेलं नाही.

त्या सकाळी माझी जागा खाचरांच्या वरच्या खांद्यावर होती. जवळ शिट्टी, कागद आणि पेन. नियम साधा होता. स्वार समोरून गेला की आधी एक लांब शिट्टी, म्हणजे खाली वाटेवर कुणी असेल ते बाजूला होईल. मग कागदावर क्रमांक आणि वेळ. माझ्यापुढे वाट एका कातळाला वळसा घालते आणि त्या वळणाआड मावशीच्या खाचराचं कुंपण आहे. मला ते वरून दिसतं. स्वाराला वळण घेईपर्यंत दिसत नाही.

पुढचे स्वार निघून गेले. मग बराच वेळ कुणी आलं नाही. धुकं वितळलं होतं. खाली कुठेतरी भात झोडत होते. पेंढी फळीवर आपटल्याचा धप, दाणे सांडल्याची सरसर, पुन्हा धप. कापणीच्या दिवसांतला सगळ्यांत निवांत आवाज आहे तो. त्या निवांतपणात हौसामावशी खाचरातून गवताचा भारा घेऊन वाटेवर आली असणार, कुंपणातून पलीकडे गेली असणार, आणि तिचा हात मागे गेला असणार. हे मी पाहिलं नाही. तेवढ्यात वरून टिकटिक आली आणि सना माझ्यासमोरून गेली. जाताना तिने हँडलवरून एक बोट वर केलं. मी मान खाली घातली आणि तिचा क्रमांक लिहिला. वेळ लिहिली. सेकंदांसकट लिहिली, कारण आपल्या भागातल्या मुलीची नोंद चुकता कामा नये असं मला वाटलं. मग शिट्टी तोंडात धरून वर पाहिलं.

पिवळ्या खाचराच्या कडेला एक आडवी रेघ होती. मघाशी ती नव्हती.

घाबरलेल्या माणसांच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. त्यांत माणसं ओरडतात, पळतात. मला दोन्ही जमलं नाही. मी शिट्टी फुंकली आणि तिच्यातून नुसती हवा गेली. ओठ इतके कोरडे पडले होते की ते शिट्टीवर बसेनात. पुन्हा फुंकली. पुन्हा हवा. खाली सनाच्या चाकाची करकर कातळाकडे चालली होती, सलग, एका सुरात. म्हणजे तिने ब्रेकला हात लावलेला नव्हता. का लावावा? वाट मोकळी आहे असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली.

मावशी भारा घेऊन दहा-बारा पावलं पुढे गेली होती. ती वळली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे कुंपणाकडे. तिला कळलं, आणि ते कळताना मी एवढ्या लांबून पाहिलं. भारा पडला. ती पळाली. कुंपणाशी पोचून तिने बांबूचं एक टोक दोन्ही हातांनी बेचक्यातून उचकटलं. त्याच क्षणी सना वळणातून बाहेर आली.

पुढचं मला नीट दिसलं नाही. मागचं चाक आडवं गेलेलं दिसलं, लाल हेल्मेट दिसलं, मग भात हललं. मग काहीच हललं नाही.

खाली पोचायला मला किती वेळ लागला याची नोंद नाही.

सना उभ्या भातात पडली होती. पिकलेलं, दाट भात तिच्या अंगाखाली गादीसारखं दबलं होतं. ज्या भातासाठी तो बांबू होता त्याच भाताने तिला झेललं होतं. ती उठून बसली. हेल्मेटमध्ये लोंब्या अडकलेल्या, एक खांदा खाली ओघळलेला. हनुवटीखाली, जर्सीच्या कॉलरवर, बांबूचं एक बारीक कुसळ चिकटलं होतं. ते मी दोन बोटांनी काढलं. वाटेवर मावशी बसली होती. बांबूचं एक टोक तिच्या हातांत होतं आणि दुसरं जमिनीवर थडथड वाजत होतं.

"सायकल बघा हो काका," सना म्हणाली. मग मावशीकडे वळून, "मावशी, लागलं नाही ना तुम्हाला?"

मावशीने मान हलवली.

"काका, अब्बूंना सांगू नका. कुणालाच नको. मी घसरले."

"सना, अगं..."

"शर्यत जाईल इथून. रेश्माकाकीने आत्ता खोल्या काढल्यात. मी घसरले, काका. झालं."

खांद्याजवळच्या हाडाला चीर गेली होती. रुग्णवाहिका नव्या मोरीवरून काही मिनिटांत आली. मी माझ्या जुन्या वर्तमानपत्रासाठी शर्यतीची बातमी लिहिली. वाडीचा पाहुणचार, इंद्रायणीचा भात, कामशेतच्या दुकानाला आलेले दिवस हे सगळं तिच्यात होतं. शेवटी एक ओळ होती: उतारावर सायकल घसरल्याने एका स्थानिक स्वाराला किरकोळ दुखापत झाली. सायकल घसरली होतीच. त्या ओळीत खोटा शब्द दाखवता येणार नाही. अन्वरभाईंनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून दुकानाच्या भिंतीवर लावलं.

त्यानंतरचं वर्ष मला एका सपाट, लांब भीतीसारखं आठवतं. ती दिवसा यायची, उन्हात, कामाच्या मधोमध. दोन खांबांमध्ये ताणलेलं काहीही दिसलं की चालता चालता थांबायचो. कपडे वाळत घालायची तार. मंडपाची दोरी. कान्ह्याच्या रेल्वे फाटकाचा आडवा दांडा खाली येताना एकदा मी रस्त्यावर इतका मागे सरलो की मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काय काका, बरं वाटत न्हाई का?" भीती सनाच्या पडण्याची नव्हती. ती पडली, बरी झाली, पुन्हा सायकलवर बसली. भीती पुढच्या वर्षाची होती. सांगितलं तर शर्यत जाईल आणि तिच्याबरोबर वाडीला जे थोडंफार मिळालं ते जाईल. न सांगितलं तर त्या वळणातून पुन्हा कुणीतरी येईल, आणि तेव्हा खाली कुणी पळणारं असेलच असं नाही.

मावशी माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नाही. पण पावसाळ्यात, पीक ऐन भरात असताना, तिच्या खाचराची वाट उघडी राहू लागली. श्रावणात शेजारच्या म्हशी आत शिरल्या आणि खाचराचा एक कोपरा साफ झाला.

"आत्यांचं काय चाललंय कळत न्हाई," रेश्मा माझ्याकडे येऊन म्हणाली. "बांबूला हातच लावत न्हाईत. म्या म्हनलं, डोळ्याला दिसंना झालं का? तर निसत्या बघत बसल्या माझ्याकडं. तुमी तरी बोला."

मी बोललो नाही. मला कारण माहीत होतं, आणि बोलायला गेलो असतो तर ते बोलावं लागलं असतं.

या वर्षीची बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. दुपारची वेळ, दिवाळी जवळ आलेली, अंगणात वाळत घातलेल्या नाचणीवर चिमण्या उतरत होत्या. आयोजकांकडून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी नकाशा पसरला. या वेळी स्वार जास्त येणार, मुक्काम दोन दिवसांचा, वाडीतल्याच मुलांना वाटाड्याचं काम शिकवायचं, असं बरंच चांगलं त्या सांगत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी काही अडचण आली होती का?"

"चहा कमी पडला," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मागे भिंतीला टेकून बसलेली हौसामावशी उठली. "मला बोलायचंय," ती म्हणाली. "मागल्या साली ही सना घसरली न्हाई. म्या बांबू टाकला व्हता."

"आत्या, खाली बसा," रेश्मा पुटपुटली.

"न्हाई बसत. वरीस झालं बसल्ये." तिने अन्वरभाईंकडे पाहिलं. "तुमी सांगितल्यालं व्हतं. म्या काढूनबी ठिवला व्हता, खांबाला टेकवून, तांबडं फुटायच्या आत. मंग वैरन घिऊन आले, पल्याड गेले, आन् लागला. म्या लावला न्हाई, अन्वरभाई. लागला."

मग मी उठलो आणि शिट्टीचं सांगितलं. आधी शिट्टी हा नियम होता, मी आधी नोंद केली, हे सांगितलं. बातमीतल्या ओळीचंही सांगितलं. माझं बोलणं मावशीपेक्षा लांबलं आणि तिच्याइतकं स्वच्छ नव्हतं.

अन्वरभाई उठले, पलीकडे बसलेल्या सनापाशी गेले, तिची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि सगळ्यांसमोर तिचा गळा बारकाईने पाहिला. चाकाला कुठे चीर आहे का हे ते जसं बघतात, तसा. मग जागेवर येऊन बसले.

"असे बांबू मार्गावर किती आहेत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदललेला होता.

"अकरा," अन्वरभाई म्हणाले.

"नकाशात एकही नाही."

"नकाशा आभाळातून काढतात, मॅडम. बांबू खाली असतो."

"मग ते सगळे काढून टाकू. आठवडाभर आधीच."

"काढून उपेग न्हाई, बाय," मावशी अजून उभीच होती. "काढल्याला बांबू परत लागतो. हितल्या मानसाचा हातच तसला हाय. ज्याचं खाचर त्यानं बांबू हातात धरून बसाया पायजे, पयल्यापासनं शेवटच्या सायकलीपत्तोर. हातात आसला म्हंजी न्हाई लागत."

बाईंनी नकाशाची घडी केली. "मला दोन दिवस द्या," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

त्या दोन दिवसांत रेश्माने नव्या खोल्यांतल्या चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चादरी पुन्हा धुवायला काढल्या. मी तिथून जात होतो. तिने पिळे घालता घालता मला थांबवलं.

"गेली तर जाऊ द्या शर्यत," ती म्हणाली. "पोरीच्या गळ्यापरीस खोल्या मोठ्या न्हाईत. पन आत्यांनी मला आधी सांगायचं. वरीसभर म्या त्यांस्नी म्हशीवरनं बोलत व्हते."

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या आणि अन्वरभाईंबरोबर अकराही ठिकाणं पायी फिरल्या. मावशीच्या कुंपणाशी त्या वळणाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. शर्यत राहिली. अकरा मालकांची नावं यादीत आली, त्या दिवशी घालायला नारिंगी जाकिटं आली. मार्ग तोच, फक्त कातळाच्या अलीकडे दगडांचे दोन अडथळे, वेग तोडायला.

मी कामशेतला दुकानात गेलो. कात्रण भिंतीवरच होतं.

"काढलं नाहीत?"

"राहू दे." अन्वरभाई चाकाचे स्पोक आवळत होते, एक आवळायचा, चाक फिरवायचं, कान लावायचा. "वर्षभर येता-जाता वाचत होतो. घसरली, किरकोळ दुखापत. किती बरं वाटायचं. आता वाचलं की पोटात गोळा येतो. तुमच्या दोघांच्या पोटात वर्षभर होता, तो आता माझ्याकडे आलाय."

"सना उतरणार आहे?"

"तिला विचारा. मला विचारलं असतं तर..." त्यांनी चाक पुन्हा फिरवलं आणि कान लावला.

हे लिहायला घेतलं तेव्हा बाण नुकते उमटले होते. आज शर्यत झाली.

सकाळी माझ्या जागेकडे जाताना मी मावशीच्या खाचरावरून गेलो. अर्धं खाचर कापलेलं होतं, अर्धं उभं. दवाने भिजलेल्या धसांचा ओला, कडू वास येत होता. मावशी बांधावरच्या दगडावर बसली होती, नऊवारीवर नारिंगी जाकीट, मांडीवर आडवा बांबू, त्यावर दोन्ही हात.

"आलास व्हय?"

"आलो."

मी कुंपणातून पलीकडे गेलो आणि दोन पावलांवर थांबलो. माझा उजवा हात मागे गेलेला होता. बोटं उघडी, हवेत, बरोबर त्या उंचीला, काहीतरी चाचपत. वर्षभर मी या एका बांबूखेरीज कशाचा विचार केला नव्हता. तरी हात गेला होता. बांबू तिथे असता तर तो बेचक्यात बसला असता आणि मी वर चढून शिट्टी घेऊन उभा राहिलो असतो.

मावशी बघत होती. ती हसली नाही. तिने मांडीवरचा बांबू थोडा उचलून मला दाखवला.

"हितं हाय," ती म्हणाली. "जा तू."

मी हात खिशात घातला आणि वर गेलो.

स्वार येऊ लागले. आधी शिट्टी, मग नोंद. शिट्टी, नोंद. या वर्षी मी पाण्याची बाटली जवळ ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने ओठ ओले करत होतो. मग वरून एक टिकटिक आली आणि ती कुणाची हे मला आधीच कळलं. सनाने या वेळी बोट वर केलं नाही. दोन्ही हात ब्रेकवर होते. मी शिट्टी वाजवली, दम संपेपर्यंत. खाली मावशी उठून उभी राहिली आणि तिने बांबू जमिनीत रोवल्यासारखा उभा धरला. सना कातळाआड गेली. नुसता आवाज उरला आणि मी त्याच्याबरोबर उतरत गेलो. दगडांपाशी तो तुटला, पुन्हा जुळला. वळण. कुंपण. खाचर. रेश्माच्या घरामागचा उतार. तिथे टाळ्या वाजल्या.

दुपारी कागद आयोजकांच्या टेबलावर दिला. बाईंनी बोट ठेवत ओळी तपासल्या आणि एका ओळीवर बोट थांबवलं.

"या क्रमांकापुढे वेळ नाहीये. राहून गेली का?"

"राहून नाही गेली," मी म्हणालो. "तेव्हा मी बघत होतो."